तण विकत घेतलेली सून

न्यू जर्सीतल्या आमच्या घरामागे, पन्हळीचं पाणी पडतं त्या कोपऱ्यात, सदा चिखल. गवत कापायचं मशीन तिथे रुतायचं आणि ते उपसताना नवरा जे मराठी बोलायचा, ते मुलांना एकदा ऐकून पाठ झालं. रविवारच्या मराठी शाळेत दोन वर्षांत एवढी प्रगती नव्हती.

शेवटी एका नर्सरीवाल्या आजोबांनी सांगितलं, चिखलाशी भांडू नका, चिखलात सुखाने राहील असं काहीतरी लावा. स्वँप मिल्कवीड. अस्सल इथलंच रानफूल. मुळं ओली असली की खूश, चिकणमातीची तक्रार नाही, एकदा रुजलं की दरवर्षी आपलं आपण वर येतं. शिवाय चीक कडू, त्यामुळे हरणं सहसा तोंड लावत नाहीत. आमच्या हरणांनी ट्यूलिप, होस्टा आणि एकदा आकाशकंदिलाच्या झिरमिळ्या खाल्ल्या होत्या. मी लगेच पाकीट घेतलं.

पण या बियांना रुजण्याआधी थंडी खावी लागते. ओल्या टिश्यूत गुंडाळून महिनाभर फ्रिजमध्ये. तेविसाव्या दिवशी नवऱ्याने ‘सडकी कोथिंबीर’ म्हणून पुडी कचऱ्यात टाकली. दुसऱ्या पुडीवर मी जाड मार्करने लिहिलं, ‘कोथिंबीर नाही’. तरी रोज विचारायचा, मग काय आहे?

पहिल्या वर्षी नुसती पानं. दुसऱ्या वर्षी मे उजाडला, शेजाऱ्यांच्या बागा हिरव्यागार, आणि आमच्या कोपऱ्यात गेल्या वर्षीच्या वाळक्या काड्या. रोज सकाळी चहाचा कप घेऊन मी चिखलात उभी. शेवटी ‘गेलं’ म्हणत फावडं उचललं, तर खाली नखाएवढे कोंब! हे झाड मुळात उशिरा उठणारं. पाकिटावर लिहिलेलंही होतं. पण पाकीट कोण वाचतं?

जूनमध्ये सासूबाई सहा महिन्यांच्या व्हिसावर आल्या.

“काय लावलंयस?”

“मिल्कवीड, आई.”

“वीड म्हणजे तण ना गं?”

साताऱ्याकडच्या शेतात त्यांचा जन्म खुरपणीत गेलेला. सुनेने डॉलर मोजून तण आणलं, ही बातमी त्या रात्री व्हॉट्सॲपवरून थेट गावी पोचली. मी बाजू मांडली, की दुसऱ्या महायुद्धात याच्याच भाऊबंदांच्या बोंडांतल्या म्हाताऱ्या इथल्या शाळकरी पोरांनी गोळा केल्या होत्या, खलाशांच्या तरंगत्या जाकिटांत भरायला.

“युद्ध संपलं ना आता?” आई म्हणाल्या.

जुलैत छातीएवढ्या झाडांवर गुलाबी फुलांचे झुबके आले. आणि एका शनिवारी आईंनी सहज पान खुडलं, तर देठातून पांढरा चीक! “अगं, ही तर आपली रुई!” रुईच्याच कुळातली चुलत बहीण म्हणायची, पानं मात्र निमुळती. दहा मिनिटांत देवघरातल्या मारुतीच्या गळ्यात अकरा पानांची माळ.

रविवारी निर्माल्य काढताना त्या ओरडल्या. एका पानामागे खसखशीएवढं अंडं चिकटलेलं असणार. त्यातून शेवयाच्या तुकड्याएवढी अळी बाहेर येऊन मारुतीच्या छातीवर चालत होती.

“मोनार्क फुलपाखराची आहे. ती फक्त हेच कूळ खाते,” मी म्हणाले.

“मारुतीने दिलीय,” आई म्हणाल्या, आणि तिला पानासकट झाडावर ठेवून आल्या.

त्या दिवसापासून तण आईंचं झालं आणि जीव माझा जाऊ लागला. पट्टेरी अळ्या दिसामाशी नव्हे, तासातासाला वाढत होत्या. दोन वर्षं जपलेली झाडं आठवड्याभरात खराटा झाली. फुलपाखरांसाठीच लावली होती, कबूल. पण एवढी भूक? मी कळवळून दोन अळ्या उचलायला गेले, तर मागून आवाज आला, “जेवत्या पानावरून उठवतेस?” नातवंडांना रोज तिथे उभं करून दाखवणं सुरू झालं: बघा, पानात काही टाकत नाहीत, पानसुद्धा खातात!

मग एके दिवशी सगळ्या अळ्या गायब. कोश करायला त्या झाड सोडून कुठेही जातात. एक सापडली गवत कापायच्या मशीनच्या दांड्याला: पोपटी कोश, त्यावर सोन्याच्या टिकल्या. ऑगस्टअखेर म्हणजे ही मेक्सिकोतल्या मिचोआकानच्या डोंगरापर्यंत जाणारी पिढी. दहा ते चौदा दिवस मशीन हलवायचं नाही, असा आईंचा हुकूम.

गवत पोटरीला लागलं. नवव्या दिवशी कॉलनीच्या कमिटीचं पत्र आलं. नवऱ्याने ते आईंना मराठीत वाचून दाखवलं.

आई शांतपणे म्हणाल्या, “कळव त्यांना. मशीनला सोयर आहे.”