थ्रीडी एमआरआय म्हणजे रंगीत चित्रांचा धंदा म्हणे!

कापूस वेचणीच्या धामधुमीतही आमच्या तालुक्यातल्या ग्रुपांवर हा मेसेज फिरतोच आहे: ‘कवटीच्या तळाची गाठ सीटीत दिसतेच. एमआरआयच्या किरणांनी ती पसरते. थ्रीडी म्हणजे रंगीत चित्रं काढून बिल फुगवणं. आणि त्याचं इंजेक्शन किडनी खातं.’ तो वाचून आमच्या मोठेबाबांनी यवतमाळची एमआरआयची तारीख रद्द केली. एमआरआयच्या खोलीत पेशंट झोपवणं हे माझं रोजचं काम, म्हणून लिहितो.

किरणांचं सोपं आहे. एमआरआयमध्ये चुंबक आणि रेडिओ लहरी असतात, एक्स-रे नसतातच. एक्स-रे असतात ते सीटीत, आणि मेसेज शिफारस करतो ती सीटीचीच!

सीटी टाकाऊ नाही. हाड कुठं पोखरलं ते तीच नीट दाखवते. पण कवटीच्या तळाची जाड हाडं सीटीच्या चित्रात काळे पट्टे उठवतात, आणि नसा जातात त्याच हाडांतल्या भोकांतून. मोठेबाबांचा एकटा डावा कान बसत चाललाय, आत शिट्टी वाजते. अशा वेळी ऐकण्याच्या नसेवर गाठ नाही ना, हे पाहावंच लागतं. ती नस हाडातल्या जेमतेम सेंटिमीटरभर बोगद्यातून येते. चेहरा हलवणारी नस तिला खेटूनच.

साध्या एमआरआयचे काप साधारण ३ ते ५ मिलिमीटर जाड, मधे थोडी फट. डवरा फिरला तरी झाडाच्या बुडाशी तण राहतं, तशी २ मिलिमीटरची गाठ त्यात सुटू शकते. थ्रीडीत अख्ख्या भागाचा सिग्नल एकत्र गोळा होतो, मिलिमीटरभर किंवा त्याहून बारीक तुकड्यांत, फटीशिवाय. मग आडवं, उभं, तिरकं, हवं तसं पाहा. पेशंटला पुन्हा आत घालायला नको. एका प्रकारात नसेभोवतीचं पाणी पांढरंशुभ्र दिसतं आणि नस त्यात काळ्या दोऱ्यासारखी उमटते. रिपोर्ट लिहितात तो या काळ्या-पांढऱ्यावरूनच, रंग कुठला बाप्पा! गाठ कोणत्या नसेला भिडली आहे, याचा अंदाज सर्जनला ऑपरेशनआधी येतो तो इथूनच.

इंजेक्शनच्या गोष्टीत मात्र दाणाभर तथ्य आहे. त्या इंजेक्शनातलं औषध, गॅडोलिनियम, किडनी खात नाही. पण किडनी आधीच फार खराब असेल, तर त्याच्या काही जुन्या प्रकारांनी कातडी आणि सांधे आखडण्याचा दुर्मिळ आजार झालेला आहे. म्हणून आम्ही क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कशी चालते ते सांगणारी रक्ततपासणी, विचारतो. वरचं पाण्यातलं चित्र तर इंजेक्शनशिवायही निघतं.

खऱ्या धोक्याचं, म्हणजे चुंबकाचं, मेसेजात नावच नाही. पेसमेकर, मेंदूच्या ऑपरेशनात बसवलेली जुनी क्लिप, वेल्डिंग करताना डोळ्यात उडालेला लोखंडाचा कण, हे आत जाण्याआधी सांगा. करदोड्याला बांधलेली चावीसुद्धा. मोठेबाबांची शुक्रवारची तारीख घेतली आहे; पेटीची चावी तेवढी मोठीआईकडं देऊन यायला सांगितलंय.