तव्यावरचं पापलेट आणि भिंतीकडे तोंड केलेला अंतोनी

आज १० ऑगस्ट, संत लॉरेन्सचा सण. सकाळी मिस्साहून (चर्चमधल्या उपासनेहून) आले, पापलेट तव्यावर टाकलं, फोटो काढला आणि आमच्या चर्चच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चढवला. खाली लिहिलं, "लॉरेन्सबाबा म्हणतात, ही बाजू झाली, आता परता."

दहा मिनिटांत एका काकांचा मेसेज. हुतात्म्याची थट्टा करताना लाज वाटत नाही का, आजच्या तरुणांना धर्म म्हणजे टाइमपास वाटतो, वगैरे. (माझं वय त्रेपन्न. तरुण म्हटल्याबद्दल आभार.) त्याखाली सात जणांचे जोडलेले हात. मग ॲडमिनने माझी पोस्टच उडवली.

अहो काका, हा विनोद माझा नाहीच. लॉरेन्सचा आहे! मिलानचे बिशप संत अँब्रोज यांनी तो चौथ्या शतकातच लिहून ठेवलाय. २५८ सालचं रोम, सम्राट व्हॅलेरियनचा काळ, ख्रिस्ती लोकांची धरपकड चाललेली. डीकन म्हणजे चर्चचा सेवक असलेल्या लॉरेन्सला हुकूम झाला, चर्चचा खजिना हजर कर. याने मुदत मागितली आणि गावातले लंगडे, आंधळे, भिकारी गोळा करून साहेबांपुढे उभे केले. घ्या, हा आमचा खजिना. मग त्याला लोखंडी जाळीवर भाजलं, तेव्हा म्हणाला, भाजून झालंय, परता आणि खा. इतिहासकार म्हणतात, त्याचा शिरच्छेदच झाला असावा. असेल बुवा. पण ज्या भाविकांनी ही गोष्ट दीड हजार वर्षं सांगितली, त्यांनी त्यातला विनोद गाळला नाही. उलट आचाऱ्यांनी त्यालाच आपला संत करून टाकलं. ॲडमिन तेव्हा नव्हते, हे नशीब.

मला सकाळपासून आजी आठवतेय. वसईच्या आमच्या घरात अल्तारावर, म्हणजे आमच्या देव्हाऱ्यात, संत अंतोनीचा हातभर पुतळा होता. हरवलेलं शोधून देणारा संत. एकदा आजीची कपाटाची किल्ली हरवली. तिने एक दिवस प्रार्थना केली, दुसऱ्या दिवशी मेणबत्ती लावली, तिसऱ्या दिवशी अंतोनीला उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवला. "बस असाच. किल्ली सापडल्याशिवाय तोंड दाखवू नकोस." किल्ली निघाली तिच्याच जपमाळेच्या डबीत. मग त्याला सरळ करताना माफी मागेल? छे. "आधी सांगायला काय झालं होतं रे?"

शेजारच्या वारकरी काकू हसून हसून बेजार. म्हणाल्या, आमची जनाबाईसुद्धा विठोबाला असंच फैलावर घ्यायची.

आजीची श्रद्धा कमी होती असं कुणी म्हणून दाखवावं. पहाटेची मिस्सा तिने पावसाळ्यातही कधी चुकवली नाही.

आणि हे काय आमच्या आजीचंच खूळ आहे? १५३५ च्या जुलैत लंडनला संत थॉमस मोर या इंग्लंडच्या माजी मंत्र्याला शिरच्छेदाच्या मचाणाकडे नेलं, तर शिडी डुगडुगत होती. हा अधिकाऱ्याला म्हणतो, वर जाताना जरा सांभाळून न्या, उतरताना माझं मी बघेन. रोमचा धर्मगुरू फिलिप नेरी लोकांनी संत संत करू नये म्हणून अर्धीच दाढी करून भर रस्त्यात हिंडायचा. (तरी १६२२ मध्ये संत केलाच त्याला. फ्रान्सिस झेवियरबरोबर, एकाच दिवशी.) स्पेनमधल्या अविलाच्या संत तेरेसाची गाडी चिखलात उलटली, तेव्हा ती देवाला म्हणे म्हणाली, मित्रांना असं वागवतोस, म्हणूनच तुला मित्र कमी. सेम आमची आजी!

खुद्द येशूचं बघा ना. सुईच्या नेढ्यातून उंट. स्वतःच्या डोळ्यात मुसळ घेऊन दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ काढायला निघालेला माणूस. जरा डोळ्यांसमोर आणा तो माणूस! सुताराच्या घरातला विनोद आहे तो, समोरचे लोक खो खो हसले असणार. आपण मात्र हे वाचन ऐकताना मयताला बसल्यासारखे चेहरे करतो.

हो, संत बेनेडिक्टने आपल्या मठांच्या नियमावलीत फार हसू नका म्हटलंय, माहितीये मला. आणि फादरांच्या प्रवचनातले काही विनोद बंदच व्हायला हवेत, हेही मान्य.

पण पोप फ्रान्सिस? जून २०२४ मध्ये त्यांनी शंभराहून जास्त विनोदी कलाकारांना व्हॅटिकनला बोलावलं आणि सांगितलं की देवावरही हसता येतं, ज्यांच्यावर आपला जीव असतो त्यांची थट्टा करतो तसंच. थॉमस मोरच्या नावाने चालत आलेली एक प्रार्थना ते रोज म्हणायचे. तिची सुरुवातच अशी: प्रभू, मला चांगलं पचन दे, आणि पचवायला काहीतरी दे. टाकू का ही ग्रुपवर? की पोपनाही काढाल?

जाऊ दे. चढलाच आवाज.

खरं सांगायचं तर या काकांनीच आजीच्या शवपेटीला पहिला खांदा दिला होता. आणि त्याच्या दोन दिवस आधी, फादर अभ्यंग (आजाऱ्याला तेल लावायचा संस्कार) द्यायला आले तेव्हाही ते खोलीत होते. तेल लावून झालं, प्रार्थना झाली, सगळे रडवेले. आजीने अल्ताराकडे मान वळवली आणि अगदी बारीक आवाजात म्हणाली, "अंतोनी, सुटलास बघ. आता मी हरवले तर तू शोध." फादर आधी दचकले, मग इतके हसले की त्यांनाच डोळे पुसावे लागले. माझी एक आत्या रागावून बाहेर गेली. काका मात्र हसले होते. मी पाहिलंय, काका, तोंडावर रुमाल धरून तुम्ही हसला होतात.

तो पुतळा आता माझ्या घरी आहे. फिरवून फिरवून त्याच्या बुडाचा रंग गेलाय.

तासभर ही पोस्ट टाइप करतेय, तीही चष्म्याशिवाय. कुठे ठेवलाय, सापडत नाही. चुका दिसल्या तर समजून घ्या. अंतोनी सध्या भिंतीकडे तोंड करून आहे.