‘तू देव मानतेस का?’ हे तिच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं

आज सकाळी एका व्याख्यानात जे झालं, ते लिहिल्याशिवाय राहवत नाहीये. पोस्ट लांब होईल. ज्यांना वेळ आहे त्यांनी वाचा, पण मधूनच वाचून भांडायला येऊ नका.

विषय उत्क्रांतीचा होता. वक्ते आपल्यातलेच. नास्तिक, तळमळीचे, वर्षानुवर्षं काम केलेले. नाव घेणार नाही. शेवटी प्रश्नोत्तरं सुरू झाली तेव्हा मागच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. दहावीतली. हातात वही होती. म्हणाली, “सर, देवमाशाचे पूर्वज जमिनीवर चालायचे असं तुम्ही म्हणालात. ते कसं कळलं?”

यावर उत्तर आलं, “बाळा, तू देव मानतेस का?”

ती गोंधळली. “हो, म्हणजे घरी मानतात.”

“मग तुला हे पटायला वेळ लागेल. आधी देव सोड, उत्क्रांती आपोआप पटेल.”

टाळ्या पडल्या. ती खाली बसली आणि वही मिटून घेतली.

टाळ्या वाजवणारे आपलेच लोक होते, म्हणून हे इथंच लिहायचं आहे.

पहिली गोष्ट, “देव सोड, उत्क्रांती आपोआप पटेल” हे वाक्य साफ चूक आहे. डार्विनचं पुस्तक आलं १८५९ साली. त्याआधी जगात नास्तिक नव्हते का? आपल्याच मातीत बघा. जैन दर्शनात जगाचा निर्माता कोणी नाही, जग अनादि आणि अनंत. पूर्वमीमांसक वेद प्रमाण मानणारे, पण जगाला कर्ता आहे या मताविरुद्ध कुमारिलभट्टांनी कडक युक्तिवाद केले. स्वभाववादी तर विचारायचे, मोराला रंग कुणी दिले, कोकिळेला गळा कुणी दिला? आणि उत्तर द्यायचे की कुणी नाही, तो त्यांचा स्वभावच. देव नाही, ठीक. पण मोराचा पिसारा झाला कसा, याचं उत्तर त्यात कुठं आहे? ते मिळायला १८७१ साल उजाडावं लागलं. लांडोर निवड करते आणि त्या निवडीतून पिढ्यान्‌पिढ्या पिसारा घडत जातो, हे डार्विननं मांडलं. देव वगळला की जागा रिकामी होते. तिथं उत्क्रांतीच येऊन बसेल असं कोणी सांगितलं?

आणि सोव्हिएत रशिया विसरलात का? सरकार अधिकृतपणे निरीश्वरवादी. तिथं लायसेन्को नावाच्या माणसानं डार्विनचंच नाव घेऊन मेंडेलची आनुवंशिकी मोडीत काढली. झाडाला जसं वाढवाल तसा गुण त्याच्या बीजात उतरतो म्हणे. गव्हाच्या पेरणीतून राय हे वेगळंच धान्य निघतं म्हणे. एकाच जातीची झाडं आपसात स्पर्धा करत नाहीत म्हणून रोपं झुबक्यानं लावायची. १९४८ च्या ऑगस्टमध्ये हेच अधिकृत विज्ञान ठरलं. जगभर फिरून बियाण्यांचा अफाट संग्रह उभा करणारा निकोलाय वाविलोव त्याआधीच, जानेवारी १९४३ मध्ये, सारातोवच्या तुरुंगात मेला होता. यात देव कुठंच नव्हता. पुरावा मागण्याची मुभा नव्हती, एवढंच.

उलट बाजूही बघा. मेंडेल मठातला साधू. नैसर्गिक निवडीचं गणित बसवणारा रोनाल्ड फिशर अँग्लिकन ख्रिस्ती. उत्क्रांतीच्या प्रकाशाशिवाय जीवशास्त्रात कशालाच अर्थ नाही, असं शीर्षक देऊन १९७३ साली लेख लिहिणारा डोबझान्स्की ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती. खुद्द डार्विननं १८७९ च्या एका पत्रात लिहिलंय की माणूस कट्टर ईश्वरवादी असूनही उत्क्रांतिवादी असू शकतो, यात शंका घेणं त्याला विचित्र वाटतं.

हो, मान्य. उत्क्रांती शाळेतून काढा म्हणणारे बहुतेक वेळा धर्माच्या बाजूनंच येतात. २०१८ च्या जानेवारीत आपल्या औरंगाबादला एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी डार्विन चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना कुणी पाहिला नाही, असं सांगितलं. तेव्हा देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांना मिळून निवेदन काढावं लागलं. एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला, त्यावर २०२३ मध्ये अठराशेहून जास्त शास्त्रज्ञ-शिक्षकांनी पत्र लिहिलं. हे सगळं खरं आहे. पण त्या मुलीनं धडा काढा असं म्हटलं नव्हतं. राज्य मंडळाच्या तिच्या विज्ञान भाग २ मध्ये पहिलाच धडा आनुवंशिकता व उत्क्रांतीचा. तिनं विचारलं, “कसं कळलं?” यापेक्षा वैज्ञानिक प्रश्न दुसरा नाही. आणि आपण तिला तिची श्रद्धा विचारली.

आता तिच्या प्रश्नाचं उत्तर. हे त्या व्यासपीठावर पाच मिनिटांत देता आलं असतं.

देवमासा मासा नाही. फुप्फुसानं श्वास घेतो, पिल्लांना दूध पाजतो. म्हणजे तो सस्तन प्राण्यांपैकी कुणाचा तरी नातेवाईक. पण कुणाचा? १९६० च्या दशकापासून बऱ्याच जीवाश्मतज्ज्ञांचं मत होतं की मेसोनिकिड नावाच्या नामशेष मांसाहारी प्राण्यांचा, कारण दात सारखे. नव्वदच्या दशकात डीएनए तपासणाऱ्यांनी वेगळंच सांगितलं. देवमाशाचा आज हयात असलेला सगळ्यात जवळचा नातेवाईक पाणघोडा, म्हणजे देवमासा समखुरी प्राण्यांच्या कुळातला. गाय, शेळी, डुक्कर, हरीण यांच्या कुळातला. हाडंवाले एक म्हणतात, डीएनएवाले दुसरं. निकाल कसा लावायचा?

घोट्याच्या हाडानं. समखुरी प्राण्यांच्या मागच्या पायात घोट्याचं एक हाड असतं, त्याला दोन्ही टोकांना कप्पीसारखी खाच असते. माणसाच्या त्याच हाडाला कप्पी एकाच टोकाला, दुसरं टोक गोल. कुत्र्याचंही तसंच. घोड्याचं दुसरं टोक जवळजवळ सपाट. दोन्हीकडं कप्पी फक्त समखुरींना. आजच्या देवमाशाला मागचे पायच नाहीत, त्यामुळं घोटा हवा तर पाय असलेला जुना देवमासा सापडायला हवा. २००१ मध्ये पाकिस्तानातल्या जीवाश्मांवरून दोन वेगवेगळ्या गटांनी तो दाखवला. कवटी देवमाशाच्या वळणाची आणि घोट्याच्या हाडाला दोन कप्प्या. डीएनएवाले बरोबर निघाले. यातल्या एका गटाचा प्रमुख फिलिप जिंजरिच आधी मेसोनिकिडांच्या बाजूचा होता. हाड हातात आल्यावर त्यानं मत बदललं. त्याला कुणी विचारलं नाही की तू देव मानतोस का.

पुढचा दुवा आपल्या देशातला. जम्मूतल्या राजौरी जिल्ह्यात कालाकोटजवळ ए. रंगा राव या भूशास्त्रज्ञानं दगड गोळा केले होते. ते वर्षानुवर्षं तसेच पडून राहिले. राव वारल्यावर त्यांच्या पत्नीनं ते दगड हान्स थेविसेन या अभ्यासकाच्या हवाली केले. दगडातून कवटी मोकळी करताना कानाजवळचं हाड चुकून फुटलं आणि आतली भिंत दिसली. इतर सस्तन प्राण्यांत ही भिंत पातळ कवचीसारखी असते. इथं ती आतल्या बाजूला जाडजूड होती, आणि अशी जाडी तोवर फक्त देवमाशांत माहीत होती. प्राणी मांजराच्या आसपासच्या आकाराचा, चार पायांचा, सुमारे ४.८ कोटी वर्षांपूर्वीचा. नाव इंडोहायस. पायांच्या हाडांची भिंतही जाड आणि जड, पाण्यात तळाशी चालणाऱ्या प्राण्यांची असते तशी. आपल्या सह्याद्रीतली पिसोरी, म्हणजे हरणासारखा दिसणारा तो चिमुकला प्राणी, ज्यांनी पाहिली आहे त्यांना ते अंग डोळ्यापुढं येईल. आफ्रिकेतली तिची एक चुलत बहीण आजही संकट आलं की पाण्यात बुडी मारून लपते.

म्हणजे डीएनए, घोटा, कान, हाडाची जाडी. या चार वाटा एकमेकींना न विचारता एकाच गावाला पोचल्या. कळलं ते असं. त्या मुलीला हे सांगायला काय हरकत होती?

सांगितलं नाही, कारण सांगणाऱ्यालाच ठाऊक नव्हतं असं मला वाटतं. हे लिहिताना वाईट वाटतंय, कारण माणूस मनानं चांगला आहे. पण व्याख्यानात ते म्हणाले होते, “पाण्यात पायांची गरज उरली नाही, म्हणून पाय गेले.” ही नैसर्गिक निवड नव्हे. हे लायसेन्कोच्या घरचं वाक्य आहे. गरज उरली नाही म्हणून काही जात नाही आणि गरज पडली म्हणून काही येत नाही. फरक आधी असतात, निवड नंतर होते. डॉल्फिनच्या गर्भात सुरुवातीच्या आठवड्यांत मागच्या पायांचे अंकुर आजही दिसतात आणि मग विरून जातात. पाय घडवायची कृती अजून तिथं आहे, ती अर्ध्यावर थांबते.

“फरक आधी, निवड नंतर” हेही नुसतं म्हणायचं नाही, ते दाखवलेलं आहे. १९५२ साली, एस्थर आणि जोशुआ लेडरबर्ग यांनी. साधन काय, तर मखमलीचं कापड. एका बशीत आगर या जेलीसारख्या थरावर जंतू वाढवायचे. लाकडी ठोकळ्यावर निर्जंतुक मखमल ताणून त्या बशीवर हलकेच दाबायची. मखमलीच्या लवेला जंतू चिकटतात. मग तोच ठसा औषध घातलेल्या बशांवर उमटवायचा, पण दिशेची खूण आधी करून ठेवायची. नाहीतर कुठली वसाहत कुठली ते कळत नाही आणि सगळा खटाटोप वाया. औषधाच्या बशांवर जवळजवळ सगळे मरतात. एखाद-दुसरी वसाहत तगते आणि ती सगळ्या बशांवर त्याच जागी तगते. आता मूळ बशीकडं परत जायचं, तिला औषधाचा वाससुद्धा लागलेला नाही. बरोबर त्या जागेवरचे जंतू उचलून वाढवायचे, परत ठसा घ्यायचा. असं करत गेलं की औषध कधीच न पाहिलेले, तरीही औषधाला न जुमानणारे जंतू हातात येतात. जंतू औषधाला “सरावले” नाहीत. तसे काही त्यांच्यात आधीच होते.

क्षयाच्या रुग्णाला पहिले दोन महिने एकदम चार औषधं देतात ती याच कारणानं. फुप्फुसातल्या कोट्यवधी जंतूंत एखाद्या औषधाला दाद न देणारा एखादा असणारच. पण तोच जंतू चारही औषधांना दाद न देणारा असणं जवळजवळ अशक्य. बरं वाटलं म्हणून महिन्याभरात गोळ्या सोडल्या, किंवा चारातली एकच घेतली, की आपण स्वतःच्या हातानं त्या एकाला निवडतो. हे हिशेब देव्हाऱ्यात रोज दिवा लावणारे डॉक्टरही बिनचूक करतात. माझ्या ओळखीत असे कितीतरी आहेत.

तुम्ही म्हणाल, प्रत्येकानं प्रत्येक पुरावा तपासायचा का? नाही, शक्यच नाही. मीही कालाकोटचा दगड फोडलेला नाही. कुठंतरी विश्वास ठेवावाच लागतो. पण तपासायची वाट उघडी आहे, आणि ती वाट विचारणाऱ्याला दाखवायची असते. “मी उत्क्रांती मानतो” हे मला पूर्वीपासून खटकतं. आपण गुरुत्वाकर्षण मानतो असं कधी म्हणतो का? कारण विचारल्यावर सांगता येत नसेल, तर आपलं ते मानणं आणि त्या मुलीच्या घरातलं मानणं यात फरक काय राहिला? नुसती मूर्ती बदलली.

दशावतारात उत्क्रांती शोधणाऱ्यांना आपण नेमकं हेच ऐकवतो ना? मत्स्य, कूर्म, वराह असा क्रम मागाहून जुळवणं सोपं आहे. चुकण्याची जोखीम घेऊन आधी सांगा, मग बोलू. टिक्टालिक शोधणाऱ्यांनी ती घेतली होती. मासे आणि चौपाये यांच्यामधला जीव साधारण ३७.५ कोटी वर्षांपूर्वीच्या, नदीच्या गाळाच्या खडकात असायला हवा, म्हणून नकाशावर तसे खडक शोधून ते १९९९ पासून कॅनडाच्या उत्तर ध्रुवाकडच्या बेटांवर जात राहिले. २००४ ला सापडला. आपला हट्ट असा पुराव्याचा आहे ना? मग तो आपल्या व्यासपीठावरही हवा.

आणि उत्क्रांतीनं देव नाही हे सिद्ध झालं, असंही कृपा करून सांगत फिरू नका. पहिला जीव कसा आला, विश्व का आहे, यावर ती बोलतच नाही. मी नास्तिक आहे त्याची कारणं वेगळी आहेत, ती मी वेगळी मांडेन. ती मुलगी उद्या देव मानो वा न मानो, त्यासाठी तिच्या प्रश्नाला ताटकळत ठेवायचा अधिकार आपल्याला नाही.

संध्याकाळ झाली तरी ती मिटलेली वही डोळ्यांसमोरून जात नाहीये.

संयोजकांपैकी कुणी हे वाचत असेल, तर एवढं करा. त्या शाळेचा पत्ता तुमच्याकडं असेल. खाटकाकडून बकऱ्याच्या मागच्या पायाचा तो मागं वळलेला सांधा अख्खा मागून घ्या. त्यावर सत्तूर घालू नका म्हणून आधीच सांगा, नाहीतर नेमकं हवं ते हाडच फुटतं. कुकरला आठ-दहा शिट्ट्या द्या, मांस सोडवा, एक दिवस कोमट पाण्यात कपड्याचा साबण टाकून भिजवा, जुन्या टूथब्रशनं घासा, सावलीत वाळवा. त्यात अंगठ्याच्या पेरापेक्षा थोडं मोठं, जरा चौकोनी असं एक हाड मिळेल. ते तिला द्या. एक टोक नडगीकडचं, एक पावलाकडचं. दोन्हीकडं बोट फिरवून बघ म्हणावं.