गाडीला थंडी वाजेना

सासऱ्यांनी त्यांची १९८३ची जर्मन गाडी मला दिली तेव्हा सोसायटीला वाटलं, जावयाचं नशीब उघडलं. डिसेंबरात पहाटे सहाला मी सेल्फ मारायला लागलो आणि सोसायटीचे डोळे उघडले. दुपारी हीच गाडी एका सेल्फमध्ये चालू, गुणी बाळासारखी!

या गाडीला चोक नाही. के-जेट्रॉनिकमध्ये, म्हणजे तिच्या पेट्रोल फवारायच्या यंत्रणेत, चार सिलिंडरना चार इंजेक्टर, आणि पाचवा फक्त थंडीपुरता. सेल्फ मारताना तो जादा पेट्रोल फवारतो, पण थर्मो-टाइम स्विचने परवानगी दिली तरच. स्विचमध्ये दोन धातूंची पट्टी आणि हीटरची तार. पट्टी गार असताना जोडलेली, तापली की सुटते. उणे २० अंशांना आठेक सेकंद फवारा, ३५च्या वर शून्य. म्हणजे एप्रिलच्या पुण्यात हा गृहस्थ फुकट पगार खाणार.

तपासायला इंजिन थंडगार हवं, म्हणजे पुन्हा पहाटच. पाचवा इंजेक्टर काढून लोणच्याच्या बरणीत सोडला. ठिणगी नको म्हणून कॉइलची वायर काढली. तळमजल्यावरचे काका माकडटोपी घालून, वाळूची बादली घेऊन हजर. "शिमला ऑफिसने आज अकरा दिलेत," त्यांनी पुणे वेधशाळेचा आकडा जाहीर केला. सेल्फ मारला. बरणी कोरडी.

मग पंप चालवून इंजेक्टरला थेट करंट दिला, तर छत्रीसारखा सुरेख फवारा! करंट काढून तोंड पुसलं आणि मिनिटभर थेंब गळतोय का पाहिलं. काकांनी घड्याळ लावलं होतं. एकही नाही. इंजेक्टर निर्दोष सुटला.

उरला स्विच. तो रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवला.

"अरे, मटारांशेजारी हे पितळी काय आहे?"

"स्विच आहे."

"मग बंद कर आणि बाहेर काढ."

काढला, मल्टिमीटर लावला. पट्टी सुटलेलीच. अकरा अंशांत काकांना माकडटोपी लागते. याला फ्रीजरमध्येही काही वाटेना.

नाना पेठेत चार दुकानं फिरलो. चौथ्याने स्विच उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला. "मुंबईहून येईल. कधी, ते विचारू नका."

शेवटी तापकीर गल्लीतून दाराच्या बेलचं बटण आणलं आणि स्विचच्या जागी जोडून डॅशबोर्डखाली बसवलं. आता पहाटे मी सेल्फ मारतो, काका खिडकीतून हात घालून दोन सेकंद बेल दाबतात. आणि दुपारच्या झोपेतून उठवलेल्या पेठेतल्या माणसासारखी गाडी आतून खेकसते, "कोऽऽण?"