"आपलं गाव नाही ते"

निकालानंतर आठ-पंधरा दिवसांत पक्षाच्या ऑफिसात एक कागद फिरायला लागतो. नमुना 20. कोणत्या बूथवर कुणाला किती मतं पडली ते त्यात ओळीनं लिहिलेलं असतं. कुणीतरी लाल पेन घेऊन बसतं आणि जिथं आपण मागं राहिलो त्या गावांवर खुणा करतं. ती झाली 'मायनस' गावं. तिथून पुढं रस्त्याचं काम असो की सभामंडप, त्या गावांचा विषय निघाला की उत्तर ठरलेलं: "जाऊ द्या हो, आपलं गाव नाही ते."

परभणी जिल्ह्यात पंचवीस वर्षं मी बूथवर बसतोय. या एका वाक्यानं आमचं जेवढं नुकसान केलं तेवढं विरोधकांनीही केलेलं नाही.

मराठवाड्यातलं कुठलंच गाव कुणाच्या नावावर सातबाऱ्यासारखं लागलेलं नाही. बीडनं 1967 ला क्रांतिसिंह नाना पाटलांना लोकसभेत पाठवलं. माणूस सातारा-सांगलीकडचा, पक्ष कम्युनिस्ट. त्याच बीडनं 1977 ला माकपचे गंगाधरअप्पा बुरांडे निवडून दिले, आणि पुढं त्याच मातीत गोपीनाथराव मुंडेंनी भाजप रुजवला. तेही 1985 ला रेणापूरमधून पडल्यावर. लातूरनं 1995 ला विलासरावांना 35 हजारांच्या आसपास मतांनी पाडलं, आणि 1999 ला तेच लातूरमधून निवडून येऊन मुख्यमंत्री झाले. शिवराज पाटील चाकूरकर ओळीनं सात वेळा जिंकले, 2004 ला हरले. मग 'बालेकिल्ला' म्हणायचं तरी कशाला?

लांब कशाला जायचं, 2024 बघा. लोकसभेला मराठवाड्यातल्या 8 पैकी 7 जागा महायुतीनं गमावल्या, एकटं संभाजीनगर राहिलं. सहा महिन्यांत विधानसभेला 46 पैकी 40 जागा त्याच महायुतीच्या. नांदेडचं तर मी प्रत्येक बैठकीत सांगतो. तिथं लोकसभेची पोटनिवडणूक आणि विधानसभा एकाच दिवशी होती. माणूस एकाच खोलीत जाऊन दोन मशिनींची बटणं दाबून आला. लोकसभेला काँग्रेस 1,457 मतांनी निवडून आली आणि त्याच लोकसभेतल्या सहाच्या सहा विधानसभा महायुतीकडं गेल्या. आता या मतदाराला तुम्ही कोणत्या रंगाच्या पेनानं खूण करणार?

जातीचं गणित असतंच, ते मी नाकारत नाही. अंतरवाली सराटीत 1 सप्टेंबर 2023 ला मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाल्यावर आमच्याकडं काय झालं ते मी गावोगाव बघितलंय. वेशीवर गावबंदीचे फलक लागले. पुढाऱ्यांच्या गाड्या फाट्यावरूनच माघारी वळल्या. पण फलक वाचून परत फिरणाऱ्यांत असे कितीतरी होते, जे फलक नव्हता तेव्हाही त्या गावात गेले नव्हते. लोकांचा राग आरक्षणाचा होता, सोयाबीनच्या भावाचा होता, आणि त्याच्या खाली जुना राग होता: तुम्ही फक्त मतं मागायला येता.

आमच्या जिल्हा परिषद गटातलं असंच एक गाव आहे, नाव लिहीत नाही. एका निवडणुकीत तिथं आम्हाला 41 मतं पडली होती. निकालानंतर महिनाभरानं, ऐन हरभऱ्याच्या पाण्याच्या वेळी, तिथली डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली. हे कळल्यावर मी मोटारसायकल काढली. ऑफिसातल्या मित्रांनी अडवलं, "तिथं कशाला मरायला जातो?" पोहोचलो तर पाच-सहा जण डीपी दुरुस्तीला न्यायला ट्रॉलीत चढवून बसलेले, ट्रॅक्टरच्या डिझेलसाठी पट्टी जमा करत होते. पारावर बसलेल्या एका बापूंनी मला ओळखलं. म्हणाले, "तुम्ही कामून आलाव? इलेक्शन तर झालं की."

मी काहीच बोललो नाही. खिशात होते ते पाचशे पट्टीत टाकले आणि ट्रॉलीच्या मागं मागं निघालो. दोन दिवस खेटे मारले. पहिल्या दिवशी ऑइल नाही म्हणून परत पाठवलं, दुसऱ्या दिवशी साहेब जागेवर नव्हते. तिसऱ्या दिवशी दुरुस्त झालेली डीपी मिळाली. ती बसवून मोटारी चालू होईपर्यंत रात्रीचे अकरा वाजले. हरभऱ्याला पाणी सुटलं तसं कुणीतरी शेतातच चहा ठेवला. त्या तीन दिवसांत पक्षाचा शब्द मी काढला नाही, त्यांनीही काढला नाही.

पुढच्या वेळी त्या बूथवर आम्हाला लीड मिळालं का? नाही मिळालं. 41 ची 118 झाली. बैठकीत 118 ला कुणी विचारलं नाही, तो बूथ मायनसच होता. मला मात्र ते 77 लोक अजून मोजावेसे वाटतात, कारण त्यातल्या प्रत्येकाला भावकीत कुणाला तरी उत्तर द्यावं लागलं असणार.

एक गोष्ट तरुण पोरांना माहीत नाही. मतपत्रिकेच्या काळात मोजणीआधी वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळता यायच्या. कोणत्या गावानं काय केलं ते झाकलेलं राहू शकायचं. मशीन आल्यावर प्रत्येक बूथ उघडा पडला. 'टोटलायझर' लावून अनेक मशिनींची बेरीज एकदम दाखवावी असा प्रस्ताव निवडणूक आयोगानं ठेवला, 2015 ला विधी आयोगानंही तीच शिफारस केली. केंद्र सरकारनं मानलं नाही. हे व्हायलाच पाहिजे असं माझं ठाम म्हणणं आहे, माझा स्वतःचा पक्ष विरोधात गेला तरी. गावानं मत दिलं नाही म्हणून त्याचा टँकर उशिरा यावा, ही लोकशाही नाही.

त्यात बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत 2022 च्या मार्चमध्ये संपली आणि पुढं कित्येक वर्षं प्रशासक बसले. त्या काळात गटातला सदस्यच नव्हता, तर मायनस गावानं दार कुणाचं वाजवायचं होतं?

म्हणून पक्षातल्या माझ्या मित्रांना हात जोडून मागणं आहे. यावेळी तो कागद आला की लाल खुणा करा, पण यादी माझ्याकडं द्या. आमच्या गटात अशी अकरा गावं निघतील. मयतीला, सप्ताहाला, डीपी जळाल्यावर, विम्याचा अर्ज अडकल्यावर तिथं जायला मला सोबत दोन पोरं पाहिजेत. गाडी नको, झेंडा नको. सोमवारी त्या 118 वाल्या गावात बापूंच्या नातवाच्या लग्नाला चाललोय, पत्रिका घरी आलीय. कुणाला यायचं असेल तर सकाळी आठला फाट्यावर थांबा.