फक्त एअर फिल्टर बदललाय

“दादा, गाडी एकदम स्टॉक आहे. फक्त एअर फिल्टर बदललाय.”

हे सांगणाऱ्याच्या पाठीमागे त्याची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय उभी असते. अॅक्सिलरेटर सोडला की सायलेन्सरमधून लवंगी फटाक्यांची माळ लागते, मागच्या काचेवर ट्यूनरचा, म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणाऱ्याचा, वीतभर स्टिकर असतो आणि चाकं मडगार्डचं ऐकेनाशी झालेली असतात. तक्रार मात्र साधी: पहिल्यातून दुसऱ्यात जाताना गाडी थरथरते, कधी आरपीएम वर पळतो आणि गाडी तिथेच राहते, आणि परवा हिंजवडीच्या गर्दीत डिस्प्लेवरची गिअरची अक्षरं लुकलुकायला लागली. अशा वेळी माझं काम शेजारच्या सीटवर बसून मांडीवर लॅपटॉप सांभाळण्याचं. डॉक्टरपासून तंबाखू लपवणारा माणूस निदान स्वतःच्या फुप्फुसांशी तरी खोटं बोलत नाही. या गाडीत इंजिन गिअरबॉक्सशी खोटं बोलत असतं, आणि मालक आपल्याशी.

आधी गाडीची जन्मपत्रिका. चाकणला तयार झालेली, १.२ लिटर टर्बो पेट्रोल, १०५ पीएस, १७५ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर. गिअरबॉक्स डीक्यू२००: सात गिअर, दोन कोरडे क्लच. के१ हा क्लच पहिला, तिसरा, पाचवा, सातवा गिअर सांभाळतो. के२ कडे दुसरा, चौथा, सहावा आणि रिव्हर्स. हे वाटप तोंडपाठ हवं, निम्मं निदान त्यातच आहे. गिअरबॉक्सची मर्यादा २५० न्यूटन मीटर. कंपनीलाही ती मोडवली नाही: पोलो जीटीआयच्या १.८ इंजिनाला मॅन्युअल गिअरबॉक्ससोबत ३२० न्यूटन मीटर दिले, पण या गिअरबॉक्ससोबत २५० वरच लगाम ओढला. आपला ट्यूनर मात्र दिलदार.

“स्टेज वन म्हणजे २३०च होतात की! लिमिट २५० आहे,” हा पुढचा युक्तिवाद. स्टेज वन म्हणजे ट्यूनरच्या सॉफ्टवेअर बदलाची, रिमॅपची, पहिली पायरी. हिशेब बरोबर, उत्तर चूक. ते २५० क्लच पूर्ण लागल्यानंतरचे आहेत. क्लच झिजतो तो लागता लागता, म्हणजे गाडी हलताना आणि गिअर बदलताना. रिमॅपची सगळी गंमत १८०० ते २५०० आरपीएममध्ये भरलेली असते, आणि क्लचचा नाजूक प्रहरही नेमका तोच. शिवाय क्लच किती दाबून धरायचा हे गिअरबॉक्स कशावरून ठरवतो? इंजिन कळवतं त्या टॉर्कवरून. चांगला ट्यूनर हा हिशेबही दुरुस्त करतो. घाईतला ट्यूनर बूस्ट, म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब, वाढवतो आणि टॉर्कचं कोष्टक तसंच सोडतो. मग इंजिन देतं २३० आणि कळवतं १८०. गिअरबॉक्स बिचारा १८० च्या हिशेबाने क्लच धरतो आणि वरचे ५० न्यूटन मीटर क्लचच्या घासणाऱ्या थराची, फेसिंगची, राख करतात. दोष गिअरबॉक्सच्या नावावर चढतो.

म्हणून पहिली पायरी, आणि यावर मी तडजोड करत नाही: काहीही उघडण्याआधी स्टॉक मॅप, म्हणजे कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर, परत टाका. आठवडाभर त्यावर चालवा. लक्षण गेलं तर आजार कुठे आहे ते समजलं, नाही गेलं तर पुढे पाहू. इथे मालकाचा चेहरा उपासाच्या दिवशी मिसळ दिसल्यासारखा होतो. “पण मग पिकअप जाईल ना!” जाईल. त्यासाठीच. आणि वॉरंटी शिल्लक असेल तर एक कडू बातमी: स्टॉक मॅप परत टाकल्याने सगळ्या खुणा पुसल्या जातातच असं नाही. ईसीयूत, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये, सॉफ्टवेअर किती वेळा टाकलं याची मोजणी असते, आणि कंपनीच्या कॉम्प्युटरने एकदा गाडीवर ‘टीडी१’चा, म्हणजे फेरफार झाल्याचा, शिक्का मारला की इंजिन आणि गिअरबॉक्सची वॉरंटी मागताना घसा कोरडा पडतो.

दुसरी पायरी स्कॅनिंगची. ऑनलाइन मिळणारं पाच-सहाशे रुपयांचं निळं डोंगल इथे बहुतेकदा कुचकामी ठरतं. ते इंजिनाच्या बिघाडाचे सर्वसाधारण कोड वाचून “नो फॉल्ट” असा निर्वाळा देतं आणि मालक ते स्क्रीनशॉट काढून मिरवतो. गिअरबॉक्सचं कंट्रोल युनिट ०२ या पत्त्यावर राहतं. तिथे जाणारं साधन हवं, व्हीसीडीएस किंवा ओबीडी इलेव्हनसारखं. इंजिन ०१ वर, तेही वाचायचं. कोड वाचून लगेच पुसायचे नाहीत. कोडसोबत नोंदलेलं असतं की तो कधी पडला, किती किलोमीटरला, किती व्होल्टला. तो पंचनामा आहे. पंचनामा व्हायच्या आत फरशी पुसणारी माणसं आपल्याकडे कमी नाहीत. दर रविवारी ‘अॅडॅप्टेशन रिसेट’ करून दोन दिवस गाडी मख्खन झाली असं सांगणारे त्यातलेच. क्लच कुठे टेकतो हे गिअरबॉक्स महिनोन्‌महिने शिकत असतो. त्याची वही फाडली की पुरावाही जातो.

व्होल्टचा विषय निघालाच आहे तर डिकीकडे चला. तिथे हजार वॅटचा अॅम्प्लिफायर आणि सबवूफर असतोच. या गिअरबॉक्सचा मेकाट्रॉनिक, म्हणजे क्लच आणि गिअर हलवणारा तेल-विजेचा भाग, स्वतःच्या विजेवरच्या पंपाने तेलाचा दाब बनवतो, साधारण ४० ते ६० बारच्या दरम्यान, तोही इंजिनापासून स्वतंत्र. बॅटरी मरतुकडी असेल किंवा अॅम्प्लिफायरची अर्थ वायर रंगावरच आवळलेली असेल, तर गिअरबॉक्स भलतेच कोड टाकतो. म्हणून दोन लाखांच्या निदानाआधी दोनशे रुपयांचा मल्टिमीटर: रात्रभर उभ्या गाडीला १२.४ व्होल्टच्या वर हवेत, स्टार्टर मारताना ९.६ च्या खाली जाता कामा नये. गेली तर आधी बॅटरी. मेकाट्रॉनिकला हात लावायचा नाही.

आता थरथर. हे प्रकरण सगळ्यात फसवं, कारण मॉडिफाय केलेल्या गाडीत तिची नक्कल करणारे बहुरूपी पुष्कळ. रिमॅपनंतर बूस्ट वाढला की स्पार्क प्लगची ठिणगी विझते, विशेषतः टोकांमधलं अंतर, म्हणजे गॅप, वाढलेल्या जुन्या प्लगची; चौथ्या-पाचव्यात पाय दाबला की हिसके बसतात आणि मालक म्हणतो, क्लच गेला. ओळखायची खूण सोपी: क्लच घसरला तर आरपीएम पुढे पळतो आणि गाडी मागे राहते, मिसफायर, म्हणजे ठिणगी चुकत असेल तर आरपीएमचा काटा आणि गाडी दोघंही एकत्र अडखळतात. ट्यून केलेल्या गाडीत गॅप ०.६ ते ०.७ मिलीमीटर ठेवतात. चार प्लग बदलून गिअरबॉक्स बरा झाल्याची उदाहरणं गॅरेजमध्ये विनोद म्हणून सांगतात, पण ती खरी असतात.

दुसरा बहुरूपी म्हणजे पॉलियुरेथेनचा माउंट, इंजिन ज्यावर टेकतं तो आधार. इंजिन हलू नये म्हणून खालच्या माउंटमध्ये कडक पॉली इन्सर्ट ठोकतात. इंजिन हलत नाही, त्याबदल्यात डॅशबोर्ड, आरसे आणि मालकाच्या दाढा हलतात. सिग्नलला ‘डी’ मध्ये ब्रेक दाबून उभी गाडी थरथरते आणि ‘एन’ मध्ये टाकताच थरथर मवाळ होते, तर आधी माउंटवर संशय. इन्सर्ट काढून मूळ रबर बसवा, अर्ध्या तासाचं काम.

तिसरा चाकांचा. मूळ टायर १८५/६० आर१५, व्यास सुमारे ६०३ मिलीमीटर. ‘जरा भरदार दिसते’ म्हणून १९५/६५ आर१५ टाकले की व्यास ६३४ च्या पुढे, म्हणजे पाच टक्के जास्त. प्रत्येक गिअर पाच टक्के उंच झाला, आणि गाडी जागची हलताना क्लचला तेवढंच जास्त घासावं लागतं. एकदा नव्हे, चांदणी चौक ते वाकड दीडशे वेळा.

बहुरूपी बाजूला काढल्यावर उरतो तो खरा क्लच. त्याची परीक्षा रस्त्यावर. सपाट, मोकळा रस्ता, हिंजवडी नको. गाडी पूर्ण गरम झालेली, गिअर मॅन्युअलमध्ये, चौथा, १८०० आरपीएम, आणि पाय खाली. लॅपटॉपवर तीन आकडे नोंदवायचे: इंजिनाचा वेग, पहिल्या इनपुट शाफ्टचा (के१ मागच्या दांड्याचा) आणि दुसऱ्याचा (के२ मागच्या). क्लच लागलेला असताना चौथ्यात इंजिन आणि दुसऱ्या शाफ्टचा आकडा हातात हात घालून चढायला हवा. इंजिन दीडशे-दोनशेने पुढे निसटलं, तर के२ घसरतोय. मग हेच तिसऱ्यात, के१ साठी. मालकाच्या सांगण्यावरूनही अंदाज येतो. “रिव्हर्स घेताना पण थरथरते का हो?” हो म्हणाला की के२ कडे बोट. फक्त पहिल्यात उचलताना थरथरते, रिव्हर्स लोण्यासारखा, तर के१. बहुतेक वेळा आधी तोच जातो, कारण गर्दीतला प्रत्येक प्रारंभ त्याच्या डोक्यावर.

यात मालकाच्या पायाचा वाटा मोठा. कात्रजच्या चढावर ब्रेक न धरता अॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरणारे लोक आहेत. मॅन्युअलमध्ये हाफ क्लचवर असं केलं की वास तरी येतो आणि माणूस शरमतो. इथे सगळं पत्र्याआड जळतं, आणि वास आला तर पुढच्या टेम्पोला शिव्या.

आता तेल. “गिअर ऑइल बदललं का?” हा सल्ला फुकट मिळतो आणि या गिअरबॉक्सला तो लागूच पडत नाही. ओल्या क्लचच्या सहा गिअरी डीक्यू२५० मध्ये क्लच तेलात बुडालेले असतात. तिथे ६०,००० किलोमीटरला तेल बदलणं आवश्यक. डीक्यू२०० चे क्लच कोरडे. त्यात दोन वेगळी तेलं: गिअरसाठी १.७ लिटर, मेकाट्रॉनिकसाठी सुमारे एक लिटर. डिपस्टिक नाही. ही दोन तेलं उलटसुलट भरणारा कलाकार भेटला तर पुढचा खर्च आपोआप ठरतो. क्लचची थरथर यातल्या कुठल्याही तेलाने जात नाही. उलट शाफ्टचं सील गळून तेल क्लचवर आलं तर थरथर सुरू होते. २०१३ मध्ये कंपनीने जगभरात १६ लाख गाड्यांमधलं सिंथेटिक गिअर ऑइल काढून मिनरल भरलं, कारण उष्ण-दमट हवेत वीजपुरवठ्यात बिघाड होत होता. त्याचा आणि तुमच्या स्टेज वनचा संबंध नाही.

एकच कोड असा आहे की तो दिसला की मी लॅपटॉप मिटतो: पी१७बीएफ. चालता चालता सगळे गिअर एकदम गायब, पंप सारखा सुरू आणि दाब येत नाही. मेकाट्रॉनिकवर दाब साठवणारी टाकी जिथे पेचात बसते, तिथे अॅल्युमिनियमला तडा जातो आणि आतलं लिटरभर तेल बाहेर. खाली पुठ्ठा टाकून रात्रभर ठेवा, सकाळी डाग दिसतो. हे स्टॉक गाडीतही होतं, त्यामुळे मॅपवर बिल फाडायचं कारण नाही. दुरुस्तीत मजबूत केलेली नवी प्लेट बसवणारे आहेत. पूर्ण मेकाट्रॉनिकचा आकडा लाखात जातो.

के२ गेला म्हणून एकटा के२ बदलता येत नाही, दोघं जोडीने येतात. बसवताना रिलीज बेअरिंगची उंची मोजून योग्य जाडीची चकती, शिम, घालायची असते. जो मिस्त्री ‘अंदाजाने बसतं’ म्हणतो त्याला चहा पाजून निरोप द्या. त्यानंतर बेसिक सेटिंग, म्हणजे गिअरबॉक्सला नवे क्लच ओळखायला शिकवणं: गाडी ‘पी’ मध्ये, इंजिन आयडलवर, गिअरबॉक्सचं तापमान ३० ते १०० अंशांच्या मधे, एसी बंद, सबवूफर बंद. बटण दाबलं की गिअरबॉक्स खालून टक-टक-टक करत एकेक गिअर चाचपतो आणि आरपीएम आपोआप थोडा वर-खाली होतो. मालक दचकून माझ्याकडे बघतो. मी म्हणतो, ब्रेक सोडू नका. संपेपर्यंत पाय ब्रेकवर तसाच दाबून ठेवावा लागतो, सुटला तर सगळं पहिल्यापासून. अॅक्सिलरेटरला स्पर्शही नाही. ज्या उजव्या पायाने हे सगळं करून ठेवलं, त्याला कोणीतरी पहिल्यांदाच एका जागी बसवलेलं असतं.

“दादा, किती वेळ?”

“संपलं की सांगतो.”