क्लास लावावा का? – सॉफ्टवेअरमधील सशुल्क प्रशिक्षणाविषयी

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचे निकाल लागू लागले की ओळखीतल्या आणि ओळखीच्या ओळखीतल्या मुलांचे निरोप येऊ लागतात, आणि त्या सर्वांचा प्रश्न एकच असतो : ‘सर, पुण्यात कोणता क्लास लावू?’ क्लास लावायचाच, हे त्यांच्या मनात आधीच ठरलेले असते. निवड फक्त जावा की पायथन, कर्वेनगर की वाकड, एवढ्यापुरती उरलेली असते. मी गेली बरीच वर्षे एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो, नव्या मुलांच्या मुलाखती घेतो आणि निवडलेल्यांचा कोड नंतर वाचतो. त्या अनुभवावरून या विषयाबाबत माझे जे मत बनले आहे ते आधीच सांगतो. सशुल्क प्रशिक्षणात माहितीसाठी मोजलेले पैसे बहुधा वाया जातात; आपले काम नियमितपणे तपासून त्यातले दोष तोंडावर सांगणाऱ्या माणसासाठी मोजलेले पैसे सहसा वसूल होतात. क्लासच्या जाहिरातीत मात्र भर पहिल्या गोष्टीवर असतो आणि दुसरीचा उल्लेखही नसतो.

माहितीची टंचाई या क्षेत्रात केव्हाच संपली. एमआयटीने आपले अभ्याससाहित्य सर्वांना खुले करण्याची घोषणा २००१ मध्ये केली. हार्वर्डचा ‘सीएस५०’ हा प्राथमिक अभ्यासक्रम व्याख्याने आणि गृहपाठांसह कोणालाही विनामूल्य करता येतो. आपल्याकडे आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांच्या ‘एनपीटीईएल’ उपक्रमात डेटा स्ट्रक्चर्सपासून ऑपरेटिंग सिस्टिमपर्यंतचे अभ्यासक्रम विनाशुल्क उपलब्ध आहेत, आणि ज्याला प्रमाणपत्र हवे असेल त्याने तेवढ्यापुरते परीक्षाशुल्क भरून केंद्रावर जाऊन परीक्षा द्यायची असते. पायथन, पोस्टग्रेस किंवा रिअ‍ॅक्ट अशा साधनांचे अधिकृत दस्तऐवज तर कोणत्याही क्लासच्या नोट्सपेक्षा अधिक अचूक आणि अधिक ताजे असतात. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला हे सारे इंग्रजीतून पचवणे जड जाते आणि वर्गात कोणी मराठीत समजावून सांगितले की त्याला हायसे वाटते, हे मला मान्य आहे; परंतु त्या मुलाला पुढे रोज इंग्रजी दस्तऐवजच वाचायचे असल्यामुळे ही सोय सुरुवातीच्या काही आठवड्यांपलीकडे टिकवण्यात त्याचे हित नाही.

मग पैसे कशासाठी द्यायचे? यावर एक उत्तर हमखास मिळते : पैसे भरले की माणूस अभ्यास करतो. या उत्तरात तथ्य आहे, पण वाटते तेवढे नाही. हार्वर्ड आणि एमआयटी यांच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या आकडेवारीवर आधारित एक अभ्यास २०१९ च्या सुरुवातीला ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. २०१७-१८ या वर्षात नाव नोंदवणाऱ्या सर्वांपैकी सुमारे ३ टक्के लोकांनीच अभ्यासक्रम पूर्ण केला, तर पैसे भरून प्रमाणित प्रवेश घेतलेल्यांत हे प्रमाण सुमारे ४६ टक्के होते. फरक डोळ्यांत भरणारा आहे. मात्र जो पैसे भरतो तो बहुधा आधीपासूनच अधिक गंभीर असतो, त्यामुळे ही सारी किमया शुल्काची मानता येत नाही. शिवाय पैसे भरूनही निम्म्याहून अधिक जणांनी अभ्यासक्रम अर्धवट सोडला, ही त्याच आकड्याची दुसरी बाजू आहे. केवळ शिस्तीसाठी लाखभर रुपये मोजणाऱ्याने एवढे तरी ध्यानात घ्यावे.

महाराष्ट्रात या विषयावर बोलताना सी-डॅकचा उल्लेख टाळता येत नाही, आणि तो टाळण्याचे कारणही नाही. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या या सरकारी संस्थेचा प्रगत संगणनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम, म्हणजे मुलांच्या बोलीतला ‘डॅक’, हा माझ्या पाहण्यातल्या सशुल्क प्रशिक्षणांपैकी सर्वांत विचारपूर्वक आखलेला आहे. सुमारे सहा महिन्यांत नऊशे तासांचे शिक्षण, सकाळी व्याख्यान आणि दुपारपासून प्रयोगशाळा, प्रत्येक विषयाच्या शेवटी परीक्षा, आणि शेवटी प्रकल्प, असा तो रगाडा असतो. वस्तू व सेवा कर धरून त्याचे शुल्क लाखाच्या घरात जाते. लातूरहून किंवा जळगावहून आलेल्या मुलाला त्यावर कॉट बेसिसवरच्या खोलीचे भाडे आणि मेसचे पैसे निराळे लागतात. तरीही या अभ्यासक्रमातून बाहेर पडलेली मुले मुलाखतीत बहुधा वेगळी कळतात, कारण त्यांनी रोज कोड लिहिलेला असतो आणि तो कोणी तरी चालवून पाहिलेला असतो.

परंतु येथेही एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. डॅकला प्रवेश ‘सी-कॅट’ या परीक्षेतून मिळतो. कंपन्या तेथे भरतीसाठी येतात त्या केवळ तिथे काय शिकवले जाते म्हणून नव्हे, तर चाळणी आधीच लागलेली असते म्हणून. वरच्या क्रमांकाने प्रवेश मिळवणारा मुलगा कदाचित अभ्यासक्रम न करताही दुसरीकडे निवडला गेला असता, आणि खालच्या क्रमांकावरच्या मुलाला नऊशे तासांनंतरही वणवण करावी लागते. केंद्रागणिक फरक पडतो तो वेगळाच. त्यामुळे ‘डॅक केला की नोकरी’ हे समीकरण जितक्या सहज गावाकडे सांगितले जाते तितके ते साधे नाही. आपला क्रमांक, मिळणारे केंद्र आणि त्या केंद्राच्या मागील काही बॅचचा निकाल हे तिन्ही पाहून निर्णय घेतलेला बरा.

खासगी क्लासचे जग याहून फार वेगळे आहे आणि माझा खरा रोख तिकडे आहे. तेथे डेमो लेक्चर उत्तम होते, कारण ते घेणारे शिक्षक बॅच सुरू झाल्यावर दिसतीलच असे नाही. पत्रकावर ‘शंभर टक्के जॉब असिस्टन्स’ असे ठळक अक्षरांत छापलेले असते. पालक ते ‘शंभर टक्के जॉब’ असे वाचतात, आणि त्यांनी तसेच वाचावे अशीच त्याची मांडणी असते. शुल्क एकरकमी परवडत नसेल तर तिथेच टेबलावर ‘नो कॉस्ट ईएमआय’चा, म्हणजे बिनव्याजी म्हणवल्या जाणाऱ्या हप्त्यांचा, अर्ज पुढे सरकवला जातो. हा अर्ज क्लासचा नसून एखाद्या वित्तसंस्थेच्या कर्जाचा असतो. क्लास मध्येच सोडला, किंवा उद्या क्लासच बंद पडला, तरी हप्त्याचा तगादा विद्यार्थ्याच्याच मागे लागतो. आयटी सेवा कंपन्यांमध्ये नवख्यांचे वार्षिक पॅकेज कित्येक वर्षे साडेतीन लाखांच्या आसपास रेंगाळले असताना अशा कर्जाचा भार किती, हे घरात बसून कागदावर मांडून पाहावे.

नोकरी लागल्याच्या आकड्यांवर किती विश्वास ठेवावा, याचे एक उघड झालेले उदाहरण अमेरिकेतले आहे. तेथील लॅम्बडा स्कूल, पुढे नाव बदलून ब्लूमटेक, ‘आधी शिका, नोकरी लागल्यावर पगारातून पैसे द्या’ या योजनेमुळे जगभर गाजली होती. विद्यार्थी यशस्वी झाला तरच संस्थेला पैसे मिळतात, यापेक्षा प्रामाणिक रचना कोणती, असे तेव्हा आपल्याकडेही अनेकांना वाटले. २०२४ च्या एप्रिलमध्ये तेथील ग्राहक वित्त संरक्षण विभागाने या संस्थेवर कारवाई केली. ७१ ते ८६ टक्के विद्यार्थ्यांना सहा महिन्यांत नोकरी लागते अशी जाहिरात होत असताना गुंतवणूकदारांना दिलेल्या माहितीत हे प्रमाण ५० टक्क्यांच्या आसपास आणि काही वेळा ३० टक्क्यांपर्यंत खाली होते, असे त्या विभागाने म्हटले. शिवाय ज्याला कर्ज नाही असे सांगितले जात होते ते कायद्याच्या दृष्टीने कर्जच होते, आणि त्यातले बरेचसे करार गुंतवणूकदारांना विकलेही जात होते. नियामकाने कारवाई केलेल्या देशात ही स्थिती, तर आपल्याकडच्या भिंतीवर चिकटवलेल्या हसऱ्या छायाचित्रांबद्दल काय बोलावे!

अभ्यासक्रमाच्या शिळेपणाबद्दल फार लिहीत नाही, कारण तो दोष महाविद्यालयांतही तेवढाच आहे. वेबसाइट बनवण्याच्या अँग्युलरजेएस या साधनाला गूगलने दिलेला आधार २०२१ च्या अखेरीस संपला, तरी त्यानंतरही ते ‘मागणी असलेले तंत्रज्ञान’ म्हणून शिकून आलेली मुले मी पाहिली आहेत. त्याहून मला खुपते ती प्रकल्पांची गोष्ट. एकाच क्लासमधून आलेल्या सर्व मुलांच्या बायोडेटावर तोच ऑनलाइन दुकानाचा किंवा रुग्णालय व्यवस्थापनाचा प्रकल्प असतो, त्यातील डेटाबेसच्या तक्त्यांची नावेही तीच असतात, आणि ‘ही ऑर्डर रद्द केली तर साठ्याचा आकडा कुठे बदलतो?’ असे विचारले की मुलगा गप्प होतो. त्याला बुद्धी नाही असे मुळीच नसते. सरांनी फळ्यावर लिहिलेला कोड त्याने उतरवून घेतला, तो चालला, आणि तिथे विषय संपला. तो कोड कोणीही वाचला नाही, तो असा का लिहिला हे कोणीही विचारले नाही. चार वर्षांच्या पदवीसाठी लाखो रुपये भरलेल्या मुलाला पुन्हा पैसे भरून हीच उणीव विकत मिळते, याचा मला मनापासून राग येतो. काही ठिकाणी तर शुल्कातच अनुभवाचे खोटे पत्र मिळवून देण्याची सोय असते. पार्श्वभूमीची पडताळणी झाली की असा उमेदवार लागलेली नोकरी गमावतो, आणि त्याचे नाव पुढेही अडचणीत येते. क्लासचे काहीच बिघडत नाही.

नोकरीत असलेल्यांचा प्रश्न थोडा निराळा आहे. त्यांच्यासाठी प्रशिक्षण म्हणजे बहुतेक वेळा प्रमाणपत्र. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउड सेवेची (इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या संगणकांची) असोसिएट पातळीची परीक्षा १५० डॉलरची असते, तिच्यात पर्याय निवडायचे असतात आणि प्रमाणपत्र तीन वर्षे चालते. कुबरनेटीस, म्हणजे अनेक संगणकांच्या समूहावर सॉफ्टवेअर चालवणारी प्रणाली, तिच्या प्रशासकाच्या परीक्षेत मात्र दोन तास अशा प्रत्यक्ष समूहावर कामे करून आणि बिघाड दुरुस्त करून दाखवावे लागतात. प्रमाणपत्रच घ्यायचे तर मी दुसऱ्या प्रकारचे घ्यायला सांगेन, कारण त्याच्या तयारीत हात चालवावाच लागतो. सेवा देणाऱ्या कंपन्या कर्मचाऱ्यांमागे प्रमाणपत्रांचा लकडा लावतात त्याचे एक कारण असे की क्लाउड पुरवठादाराच्या भागीदारीत वरची श्रेणी मिळवण्यासाठी प्रमाणित कर्मचाऱ्यांची ठरावीक संख्या दाखवावी लागते. म्हणजे त्या प्रमाणपत्राचा पहिला लाभ कंपनीला होतो, आणि म्हणूनच त्याचा खर्चही कंपनीनेच केला पाहिजे. स्वतःच्या पगारातून आणि शनिवार-रविवार खर्ची घालून ते मिळवणाऱ्यांनी निदान खर्चाची भरपाई मागावी. आणि कंपनी पैसे देत असेल तर ‘इतक्या महिन्यांत सोडून गेल्यास रक्कम परत’ हे कलम सही करण्यापूर्वी वाचावे.

२०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून ‘आता क्लास कशाला?’ असेही विचारले जाते. समजावून सांगण्याचे काम ही साधने खरोखरच चांगले करतात, आणि त्यामुळे केवळ समजावून सांगण्यासाठी पैसे घेणाऱ्यांचा धंदा बसायला हवा. पण नवशिक्याला आपण काय विचारायला हवे हेच ठाऊक नसते. साधनाने दिलेला कोड चालतो, म्हणून तो बरोबर आहे असे तो समजतो, आणि त्याचे हे समजणे चुकीचे आहे हे सांगायला समोर कोणी नसते. अनुभवी माणसाच्या नजरेची गरज यामुळे कमी झाली नसून वाढली आहे, असे कोड तपासताना मला रोज दिसते.

म्हणून डेमो लेक्चरला जाणाऱ्यांनी तंत्रज्ञानांची यादी विचारण्याऐवजी हे विचारावे : मी लिहिलेला कोड कोण वाचणार, आठवड्यातून किती वेळा, आणि त्या व्यक्तीने स्वतः ग्राहकांच्या प्रत्यक्ष वापरात असलेले सॉफ्टवेअर अलीकडे कधी लिहिले आहे? एका बॅचमध्ये किती मुले असतात? मागच्या बॅचमधल्या कोणत्याही तिघांचे, तुम्ही निवडलेल्या तिघांचे नव्हे, फोन क्रमांक मिळतील का? या प्रश्नांवर समुपदेशक अडखळला तर पत्रक घेऊन घरी यावे. ज्यांच्याकडे पैसे नाहीत पण धीर आहे त्यांच्यासाठी मुक्त स्रोत, म्हणजे कोड सर्वांना खुला असलेले, प्रकल्प आहेत. तिथे पाठवलेला बदल अनोळखी आणि बरेचदा फटकळ माणसे ओळीओळीने तपासतात आणि त्याचे काही घेत नाहीत. २००५ पासून चालू असलेल्या गूगलच्या ‘समर ऑफ कोड’मध्ये तर मार्गदर्शक मिळतो आणि वर मानधनही मिळते, फक्त निवड होणे कठीण असते.

ज्या पालकांनी मुलासाठी कर्ज काढू का असे विचारले आहे, त्यांना माझे सांगणे असे की आधी त्याला एनपीटीईएलचा एक बारा आठवड्यांचा प्रोग्रामिंगचा अभ्यासक्रम करू द्या आणि त्याची परीक्षा द्यायला लावा. त्यात तो प्रत्येक आठवड्याची असाइनमेंट स्वतः सोडवत शेवटपर्यंत टिकला, आणि त्यानंतरही कोठे अडतो आहे हे त्याला नेमके सांगता आले, तर डॅकसारख्या अभ्यासक्रमावर किंवा कोड तपासणाऱ्या एखाद्या चांगल्या शिक्षकावर खर्च जरूर करा. तो दुसऱ्याच आठवड्यात थांबला, तर हप्ता सुरू करण्यापूर्वी त्याला हे काम मुळात आवडते का, याबद्दल त्याच्याशी बोला.